मार्क्सन आणि प्रायॉरिटायझर: तापत्या समुद्राचा आराखडा आखणाऱ्या साधनांची पारख

समुद्राचा कोणता भाग राखीव ठेवायचा हे ठरवायला बसलं की समोर येतात हजारो चौकोन. कशात प्रवाळ, कशात सागरी गवत, कशात मासे अंडी घालतात ती जागा. आणि प्रत्येक चौकोन राखला तर कोणाच्या तरी जाळ्याची जागा जाणार. एका चौकोनाबाबत पर्याय दोनच, घ्यायचा किंवा सोडायचा. पण चौकोन वीस हजार असले तर सगळ्या जुळण्या तपासणं कोणत्याही संगणकाला जमणार नाही. हे गणित आटोक्यात आणणारी दोन मोफत साधनं आज नियोजनकारांच्या हाताशी आहेत. मार्क्सन जुनं, प्रायॉरिटायझर नवं. इथे दोघांना एकच कसोटी लावली आहे: पाणी तापतंय, आम्लता वाढतेय, प्राणवायू घटतोय आणि जाती जागा बदलताहेत, अशा समुद्रासाठी ही साधनं कितपत कामाची?

निष्कर्ष आधीच सांगतो. गणित सोडवण्यात दोन्ही उत्तम आहेत, पण दोघांच्याही आत काळ नाही. त्यांना आजचा समुद्र दिला तर ती आजच्या समुद्राचं उत्तर देतात. उद्याची उष्णता तुम्हालाच माहितीच्या थरांमधून आत आणावी लागते, आणि ती कशी आणता यावर नकाशा जितका बदलतो तितका साधन बदलल्याने बदलत नाही.

मार्क्सन: काम कसं करतं

ऑस्ट्रेलियात इयन बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी ते घडवलं. आधीच्या आज्ञावलीचं नाव स्पेक्सॅन. तिला ‘मरीन’ची जोड मिळून मार्क्सन झालं. त्याला सोडवायला दिलेलं कोडं असं: प्रत्येक अधिवासाचा आणि जातीचा ठरवलेला वाटा राखला जाईल, आणि खर्च कमीत कमी होईल, असा चौकोनांचा संच शोधा.

प्रत्येक संचाला गुण मिळतात आणि गुण जितके कमी तितकं चांगलं. तीन गोष्टींची बेरीज असते: निवडलेल्या चौकोनांचा खर्च, राखीव क्षेत्राच्या सीमेची लांबी गुणिले बीएलएम नावाचा आकडा (सीमा आखूड ठेवण्याला किती वजन द्यायचं ते तो ठरवतो), आणि लक्ष्य चुकलेल्या जातींचा दंड गुणिले एसपीएफ (त्या जातीचं लक्ष्य चुकण्याला किती वजन द्यायचं तो आकडा). शोधाची रीत लोहारकामातल्यासारखी आहे, तापवून सावकाश थंड करण्याची. सुरुवातीला वाईट बदलही स्वीकारले जातात, म्हणजे शोध एखाद्या अर्धवट उत्तरापाशी अडकून राहत नाही. पुढे पुढे फक्त सुधारणा स्वीकारल्या जातात. यात नशिबाचा भाग असल्यामुळे दर वेळी थोडं वेगळं उत्तर येतं. म्हणून शंभर वेळा चालवायचं आणि कोणता चौकोन किती वेळा निवडला गेला ते पाहायचं.

लोक मार्क्सनवर नाराज होतात ते बहुधा फायलींमुळे. लागतात पाच: चौकोनांची, जातींची, कोणत्या चौकोनात कोणती जात किती याची, सीमांची आणि सेटिंगची. तिसरी फाइल, म्हणजे पीयूव्हीएसपीआर, सर्वात दगाबाज. ती चौकोनाच्या क्रमांकानुसार चढत्या क्रमाने लावलेली असावीच लागते. जातीनुसार लावली तर आकडे चुकतात. वीस हजार चौकोन आणि दोनशे जाती असल्या तर ओळी चाळीस लाखांपर्यंत जाऊ शकतात. एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळींपलीकडचं मावत नाही. तिथे उघडून जतन केलेली फाइल कापली जाते आणि उरलेल्या चौकोनांत मार्क्सनला काहीच दिसत नाही. मोठे क्रमांक एक्सेल घातांकात लिहून टाकतं, ते वेगळंच. या फायली आर किंवा पायथन या संगणकभाषांमधूनच तयार कराव्यात. शेवटी प्रत्येक जातीची बेरीज करून ती मूळ नकाशातल्या क्षेत्राशी जुळते का ते पाहावं. हा दहा मिनिटांचा ताळा पुढचे कित्येक दिवस वाचवतो.

चौकोनांच्या फाइलमध्ये स्थितीचा रकाना असतो: २ म्हणजे पक्का आत, ३ म्हणजे पक्का बाहेर. आधीपासूनची राखीव क्षेत्रं २ करताना जरा थांबा. ती उद्या फार तापणाऱ्या भागात असतील तर संपूर्ण नवा आराखडा जुन्या चुकीभोवती गुंडाळला जातो. एकदा ती पक्की धरून आणि एकदा मोकळी सोडून चालवा. दोन्ही उत्तरांच्या खर्चातला फरक हीच जुन्या सीमा जपण्याची किंमत, आणि निर्णय घेणाऱ्यांसमोर ती आकड्यात ठेवता येते.

आकडे जुळवणं: इथेच बहुतेकांची गाडी अडते

बीएलएमचा घोळ एककांचा असतो. समजा चौकोन १० किमी बाजूचे आहेत आणि खर्च म्हणून क्षेत्रफळ धरलं आहे. एका चौकोनाचा खर्च १००, कारण मोजमाप चौरस किलोमीटरमध्ये. पण सीमेची फाइल मीटरमध्ये बनली असेल तर एका बाजूची लांबी १०,०००. बीएलएम १ ठेवला की एक उघडी बाजू शंभर चौकोनांइतकी महाग होते, आणि उत्तरात एकच अवाढव्य गोळा येतो. सीमा किलोमीटरमध्ये आणा, बीएलएम आधी शून्य ठेवा, मग अगदी लहान आकडा घ्या आणि त्यापुढे दर वेळी साधारण दहापट वाढवत जा. प्रत्येक टप्प्यावरचा खर्च आणि सीमेची लांबी आलेखावर मांडा. सुरुवातीला खर्च फारसा न वाढता सीमा झपाट्याने आखूड होते. मग एक वळण येतं आणि खर्च चढू लागतो. त्या वळणाच्या आसपासचा बीएलएम घ्यावा.

याच फाइलमधली एक चूक किनाऱ्यावरच्या चौकोनांना मारक ठरते. किनाऱ्याकडची बाजूही उघडी सीमा म्हणून मोजली तर मार्क्सन तिचा दंड लावतं आणि राखीव क्षेत्रं किनाऱ्यापासून दूर ढकलतं. प्रत्यक्षात त्या बाजूला जमीन आहे, शेजारचा चौकोन घेऊन ती सीमा कधीच मिटणार नाही. अशा बाजू फाइलमधून काढून टाकाव्यात. खारफुटी आणि सागरी गवत किनाऱ्यालगतच असतं, त्यामुळे ही चूक राहिली तर नेमकं तेच सुटतं.

एसपीएफ सगळ्यांना १ देऊन सुरुवात करा. ज्या जातींचं लक्ष्य वारंवार चुकतं त्यांचाच वाढवा. सरसकट फार मोठा एसपीएफ दिला तर लक्ष्यं पूर्ण होतात, पण शोध आखडतो आणि उत्तर महाग पडतं. लक्ष्य ‘पूर्ण’ कधी मानायचं ते मिसलेव्हल ठरवतो. तो १ असेल तर ९९.९९ टक्के मिळालेली जातही चुकलेली म्हणून दिसते, म्हणून त्या रकान्यासोबत प्रत्यक्ष किती प्रमाण मिळालं तो रकानाही वाचावा.

फेऱ्यांचा, म्हणजे शोधात चौकोन बदलून पाहण्याच्या प्रयत्नांचा, हिशेबही असाच करून पाहण्यासारखा. दहा लाख फेऱ्या पुष्कळ वाटतात, पण वीस हजार चौकोनांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५० वेळाच बदलण्याची संधी येते. एक कोटी केल्या तर ५००. फेऱ्या दहापट केल्यावर सर्वोत्तम गुण लक्षणीय घसरले, तर आधीच्या कमी होत्या असं समजा. चौथ्या आवृत्तीत संगणकाचे अनेक गाभे एकाच वेळी वापरले जातात, त्यामुळे पूर्वीइतकं ताटकळावं लागत नाही.

प्रायॉरिटायझर: अचूक, पण स्वभाव वेगळा

जेफ्री हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी आर भाषेसाठी बनवलेलं हे पॅकेज तेच कोडं पूर्णांक रेषीय समीकरणांत मांडतं आणि सोडवायला गुरोबी, हायग्ज, सीबीसी अशा सॉल्व्हरकडे, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या आज्ञावलीकडे, देतं. इथे नशिबाचा भाग नाही. शक्य तितक्या चांगल्या उत्तरापासून आपण फार तर किती दूर आहोत हे सॉल्व्हर सांगतो; मार्क्सनला ते कधीच सांगता येत नाही. मार्क्सनच्या जुन्या फायलीही यात थेट वाचता येतात, त्यामुळे घर बदलण्याचा त्रास कमी.

दूर असण्याची ही मुभा, म्हणजे गॅप, मूळ सेटिंगमध्ये ०.१ असते, अर्थात दहा टक्के. नवखे ती तशीच ठेवतात, आणि मग दोन हवामान परिस्थितींच्या खर्चात चार टक्के फरक दिसला की त्यावर निष्कर्ष काढतात. तो फरक मुभेतच बुडालेला असतो. तुलना करायची असेल तर गॅप ०.०१ किंवा त्याखाली आणा. शून्य करण्याचा हट्ट मात्र नको. सीमेचा दंड जोडलेला असेल तर गणित फुगतं आणि शेवटचा अर्धा टक्का मिळवायला तासन्‌तास जातात. गुरोबी यात सर्वात वेगवान, पण व्यावसायिक. शिक्षणसंस्थांतल्यांना परवाना मोफत मिळतो. सीमेचा दंड नसलेल्या मध्यम आकाराच्या कामाला मोफत हायग्ज पुरतो.

सोडवण्याआधी प्रायॉरिटायझर आकड्यांची तपासणी करून इशारा देतं. एका थरात चौरस मीटर, दुसऱ्यात शून्य ते एक संभाव्यता, असं असलं की आकड्यांचा पल्ला इतका रुंद होतो की सॉल्व्हरचं गणित डळमळतं. बहुतेक लोक तपासणीच बंद करून पुढे जातात. तसं करू नका. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये आणलं की सहसा इशारा जातो.

दोघांच्या स्वभावातला एक फरक आम्हाला मोलाचा वाटतो. एखाद्या जातीचं लक्ष्य मिळणं अशक्यच असेल, कारण तिचे बरेच चौकोन तुम्ही पक्के बाहेर ठेवलेत, तर प्रायॉरिटायझर उत्तर नाही असं सांगून थांबतं. मार्क्सन मात्र नकाशा देतं आणि तूट एका रकान्यात नोंदवतं. तो रकाना कोणी वाचला नाही तर जात सुटली हे कळतही नाही.

मग मार्क्सन का वापरावं? कारण बैठकीत एकच ‘अचूक’ नकाशा मांडला की तो आदेशासारखा दिसतो, आणि शंभर वेगवेगळे नकाशे मांडले की बोलणं सुरू होतं. प्रायॉरिटायझरमध्येही अनेक उत्तरांचा संच मागता येतो, पण तो मुद्दाम मागावा लागतो. मार्क्सनमधली निवडीची वारंवारता वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कमी वारंवारता म्हणजे टाकाऊ चौकोन असं नाही. त्याच्यासारखे पुष्कळ असल्याने निवड वाटली गेलेली असते. आणि जास्त वारंवारता कधी कधी जीवसृष्टीमुळे नसून केवळ तो चौकोन स्वस्त असल्यामुळे येते.

तिसरं एक साधन, हेलसिंकीत आट्टे मोइलानेन यांनी घडवलेलं झोनेशन, लक्ष्य न मागता सगळ्या चौकोनांची उतरंड लावतं. लक्ष्यांवर एकमत नसेल तर ते जास्त सोयीचं.

उष्णता आत आणायची कशी

चार वाटा आहेत आणि चारींचे परिणाम वेगवेगळे.

पहिली वाट दंडाची: जितका चौकोन तापणार तितका तो महाग. प्रायॉरिटायझरमध्ये यासाठी रेषीय दंड जोडता येतो. करायला सर्वात सोपी, पण दंड किती ठेवायचा याला नैसर्गिक उत्तर नाही. बीएलएमसारखाच आलेख काढून तो ठरवावा लागतो.

दुसऱ्या वाटेत कमी तापणारा भाग हीच एक ‘जात’ मानायची आणि त्याचं ३० टक्के लक्ष्य ठेवायचं. हिचा दोष सहज नजरेतून सुटतो. साधन तो ३० टक्के भाग कुठूनही घेऊ शकतं, अगदी ज्या खोल पाण्यात तुमच्या यादीतली एकही जात नाही तिथूनही. अहवालात आश्रयस्थानं राखल्याचं दिसतं, आणि प्रवाळ उष्ण भागातच राहतं.

तिसऱ्या वाटेत प्रत्येक जातीच्या पसाऱ्यातला फक्त कमी तापणारा हिस्सा ठेवून बाकीचा नकाशातून वगळायचा. लक्ष्य मात्र नव्याने काढावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. पसाऱ्याचा ३५ टक्के भाग ठेवला आणि मूळ लक्ष्य संपूर्ण पसाऱ्याच्या ३० टक्के असेल, तर ठेवलेल्या भागातले ३० भागिले ३५, म्हणजे जवळपास ८६ टक्के राखायला हवेत. ३० टक्केच ठेवले तर हाती मूळ पसाऱ्याचे साडेदहा टक्के येतात.

चौथी वाट आम्ही सहसा सुचवतो. प्रत्येक जातीच्या पसाऱ्यातला सर्वात सुरक्षित ५ टक्के भाग शंभर टक्के राखायचा आणि उरलेल्या ९५ टक्क्यांतून बाकीचं लक्ष्य भरायचं. एकूण ३० टक्के हवे असतील तर उरलेल्या भागाचं लक्ष्य २५ भागिले ९५, म्हणजे सुमारे २६.३ टक्के. यात प्रत्येक जातीला तिच्याच पसाऱ्यातलं आश्रयस्थान मिळतं, आणि उष्ण टोकाला राहणारी, उष्णता सोसायला शिकलेली काही संख्याही जाळ्यात येते. ती सोडणं धोक्याचं आहे. उद्याच्या समुद्राशी जुळवून घेणारं जनुकीय भांडवल तिथेच असू शकतं.

कोणती उष्णता मोजायची

हवामान वेग हे माप लोकप्रिय आहे, आणि त्याचा अर्थही स्वच्छ आहे. तापमान दर वर्षी किती वाढतं, त्याला दर किलोमीटरला तापमान किती बदलतं याने भागायचं. वाढ वर्षाला ०.०२ अंश आणि उतार किलोमीटरला ०.००५ अंश असेल, तर तेच तापमान हवं असलेल्या जीवाला वर्षाला ४ किमी सरकावं लागेल. १० किमी रुंदीचं राखीव क्षेत्र अडीच वर्षांत मागे पडलं. मग लहान लहान तुकड्यांच्या जाळ्यात तापमानाच्या उताराच्या दिशेने पायऱ्या ठेवणं भाग पडतं.

या मापाचा धोका छेदात आहे. उष्ण कटिबंधात विस्तीर्ण पाण्याचं तापमान जवळपास सारखं असतं, उतार शून्याच्या जवळ जातो आणि वेग अवास्तव फुगतो. उताराला खालची मर्यादा घाला, नाहीतर दोन-चार चौकोनांचे राक्षसी आकडे बाकी सगळ्यांमधला फरक पुसून टाकतात. शिवाय पृष्ठभागाचा वेग तळाच्या जीवांना लावू नका. खोल पाण्यात तापमानवाढ कमी असली तरी तिथला आडवा उतारही मंद असतो, म्हणून वेगाचं चित्र वेगळंच दिसतं.

प्रवाळासाठी वेगापेक्षा ताणाचं माप बरं. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या पद्धतीत सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीहून किमान १ अंश वर गेलेलं तापमान १२ आठवड्यांच्या खिडकीत साठवत जातात. बेरीज ४ अंश-आठवडे झाली की लक्षणीय ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ पांढरं पडण्याची, शक्यता, ८ झाली की तीव्र ब्लीचिंग आणि मृत्यू. सागरी उष्णतेच्या लाटेची रूढ व्याख्या वेगळी: त्या तारखेच्या साधारण ३० वर्षांच्या नोंदींतल्या ९० व्या शतमानाच्या वर सलग किमान ५ दिवस. ही व्याख्या शतकाअखेरच्या अंदाजांना तशीच लावली तर जास्त उत्सर्जनाच्या परिस्थितीत बऱ्याच भागांत वर्षभर लाटच दिसते. दिवस मोजून मग चौकोनांत फरकच उरत नाही. तिथे दिवसांऐवजी साठलेली तीव्रता मोजावी.

आता सर्वात महागात पडणारी चूक. जागतिक हवामान प्रारूपांतल्या समुद्राचे चौकोन अनेकदा सुमारे १०० किमीचे असतात. किनाऱ्यालगतचे तुमचे छोटे चौकोन त्यात जमिनीत मोडतात आणि तिथे माहितीच नसते. आज्ञावली चालावी म्हणून कोणीतरी त्या रिकाम्या जागी शून्य भरतं. शून्य तापमानवाढ! साधनाच्या दृष्टीने किनारा हे जगातलं उत्तम आश्रयस्थान ठरतं आणि सगळी निवड तिकडे धावते. नकाशावर किनाऱ्याला चिकटलेली संशयास्पद सरळ पट्टी दिसली की आधी रिकाम्या जागा तपासा. त्या जवळच्या समुद्री चौकोनावरून भराव्यात आणि भरलेले चौकोन वेगळ्या रंगात दाखवावेत. तसंच १०० किमीची माहिती ५ किमीवर ओढून घेतल्याने तपशील वाढत नाही, फक्त नकाशा गुळगुळीत होतो. स्थानिक उपसरण (खालचं थंड पाणी वर येणं) किंवा सावलीतली खाडी त्यात दिसणारच नाही. ते ज्ञान उपग्रहाच्या नोंदींतून आणि तिथल्या मच्छीमारांकडूनच येतं.

परिस्थिती एकच घेऊ नका. कमी, मध्यम आणि जास्त उत्सर्जन, शिवाय निदान चार-पाच प्रारूपं. प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढून सगळ्यांत सामाईक आलेले चौकोनच राखायचे, ही युक्ती आकर्षक वाटते पण फसवी आहे, कारण सामाईक भागात लक्ष्यं पूर्ण होतीलच असं नाही. त्यापेक्षा प्रत्येक जात प्रत्येक परिस्थितीत वेगळी ‘जात’ म्हणून भरा. शंभर जाती आणि तीन परिस्थिती म्हणजे तीनशे रकाने, आणि मिळतं ते एकच जाळं, जे तिन्हींत टिकतं. खर्च वाढतो. ती वाढ अनिश्चिततेचा हप्ता म्हणून उघडपणे मांडावी. शतकाच्या मध्यापर्यंत परिस्थितींमधला फरक त्यामानाने कमी असतो, म्हणून पुढच्या वीस-तीस वर्षांचा निर्णय फक्त शतकाअखेरच्या नकाशावर घेऊ नये.

खर्चाचा थर आणि त्यातला अन्याय

खर्च म्हणून मासेमारीची माहिती वापरायची रीत आहे, आणि ती बहुतेकदा जहाजांच्या एआयएस संकेतांवरून, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्राच्या संकेतांवरून, काढलेली असते. मोठ्या जहाजांसाठी ती चांगली. लहान होड्यांवर हे यंत्र सहसा नसतंच, म्हणून त्या जिथे रोज जातात तिथे नकाशावर शून्य मासेमारी दिसते. साधनाला तो भाग फुकट वाटतो आणि राखीव क्षेत्राचा भार ज्यांच्याकडे दुसरी जागा नाही त्यांच्यावरच पडतो. यात साधनाचा दोष नाही, पण हा नकाशा त्याच्या नावाने पुढे केला जातो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. लहान होड्यांचा थर लोकांशी बोलून, बंदरापासूनचं अंतर आणि खोली धरून बनवल्याशिवाय मार्क्सनला हात लावू नये. शून्य खर्चाचा आणखी एक त्रास: असे चौकोन घेतल्याने गुण वाढत नाहीत, म्हणून ते गरज नसताना आत येतात. सगळ्यांना एक छोटा समान खर्च जोडला की ते थांबतं.

चौकोन अंश-रेखांशात असतील तर आणखी एक गफलत. विषुववृत्तावरच्या चौकोनाच्या निम्मं क्षेत्र ६० अंश अक्षांशावरच्या चौकोनाचं असतं. समक्षेत्र प्रक्षेपण, म्हणजे क्षेत्रफळ सगळीकडे खरं दाखवणारी नकाशाची रीत, वापरा.

प्रत्यक्षात कसं उतरलं

मार्क्सनचं सर्वात गाजलेलं काम ग्रेट बॅरियर रीफचं. ३,४४,४०० चौरस किमीच्या त्या उद्यानाची नवी विभागणी १ जुलै २००४ ला लागू झाली. मासेमारीला पूर्ण बंद असलेला भाग ५ टक्क्यांहून कमी होता, तो सुमारे ३३ टक्क्यांवर गेला. ७० जैवप्रदेश ठरवून प्रत्येकातला किमान २० टक्के भाग राखणं, आणि बंद क्षेत्र शक्यतो सर्वात अरुंद ठिकाणीही २० किमी असणं, हे नियम तज्ज्ञांनी आखले. मार्क्सनने पर्याय पुरवले आणि अंतिम रेषा लोकांच्या हजारो सूचनांनंतर माणसांनी ओढल्या.

त्यानंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठं ब्लीचिंग झालं. २०१६ मध्ये सर्वाधिक फटका बसला तो उत्तरेला, माणसाचा त्रास सर्वात कमी असलेल्या भागाला. २०१७ मध्ये मधल्या पट्ट्याला. राखीव सीमा गरम पाणी अडवत नाही. तरी प्रत्येक जैवप्रदेशातून वाटा घेण्याचा तो नियम हवामानासाठी केलेला नसूनही हवामानाच्या कामी येतो, कारण एका उन्हाळ्यात सगळे तुकडे सारखे होरपळत नाहीत. साधन वापरताना हे नक्की उचलावं: प्रत्येक अधिवासाचे किमान तीन तुकडे, एकमेकांपासून दूर, शक्यतो वेगवेगळ्या उष्णता-इतिहासाच्या भागांत. मार्क्सनच्या जातींच्या फाइलमध्ये तुकड्यांची संख्या आणि त्यांच्यातलं किमान अंतर देण्याचे रकाने आहेत. फार थोडे लोक ते वापरतात, कारण त्याने चालायला वेळ लागतो. हवामानाच्या कामात तो वेळ द्यावाच.

‘आधी कधी ब्लीचिंग झालं नाही’ ही नोंदही जपून वापरा. एखादं प्रवाळ वाचलं असेल कारण तिथे थंड पाणी वर येतं, किंवा फक्त त्या वर्षी ढग होते म्हणून. पहिलं आश्रयस्थान, दुसरं नशीब. दोन्ही नकाशावर सारखीच दिसतात, म्हणून कारण सापडलं तरच शंभर टक्के लक्ष्य द्या.

नकाशापासून सीमेपर्यंत

साधनातून बाहेर पडणारा आकार दातेरी असतो. षट्कोनी चौकटी असतील तर आणखीच. होडीवर हातातल्या जीपीएसमध्ये आकडे पाहणाऱ्या माणसाला आणि त्याला अडवणाऱ्या गस्तीलाही अशी रेषा कळत नाही. म्हणून सीमा अक्षांश-रेखांशाच्या सरळ रेषांवर किंवा ठळक खुणांवर बसवाव्या लागतात, आणि त्यात काही चौकोन बाहेर पडतात, काही आत येतात. ही सरळ केलेली सीमा पुन्हा साधनात टाका, सगळे आतले चौकोन २ आणि बाहेरचे ३ करून, आणि प्रत्येक जातीचं, प्रत्येक परिस्थितीतलं प्रमाण परत काढा. कमी तापणारे खिसे लहान असल्यामुळे रेषा सरळ करताना सहसा तेच आधी कापले जातात. एखादा कापला गेला असेल तर रेषा तिथे अर्धा किलोमीटर बाहेर सरकवा, पुन्हा मोजा, आणि त्या चौकोनाशेजारी कारण लिहून ठेवा. पाच-सात वर्षांनी नव्या उष्णता-नोंदींसह हे सगळं पुन्हा चालवणाऱ्याला मूळ फायली, सेटिंग, प्रारूपांच्या आवृत्त्या आणि यादृच्छिक बीजाचा आकडा (ज्याने मार्क्सनची नशिबावरची निवड पुन्हा तशीच घडवता येते) एकाच फोल्डरमध्ये मिळायला हवा.